कॅथलिक बोर्डिंगवर पटकथा लिहिताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडची पोरं आता कॉमेडी रील्सच्या पुढे जाऊन गंभीर शॉर्टफिल्म लिहू लागली आहेत आणि बोर्डिंग स्कूल हा त्यांचा लाडका विषय झाला आहे. साहजिक आहे. एक कुंपण, आत शे-दीडशे पोरं, घंटेवर चालणारा दिवस आणि घरापासून लांबची रात्र, म्हणजे निम्मं नाट्य फुकटात. पण हाती येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये बोर्डिंग नंदुरबारचं आणि धुकं युरोपातलं असतं. दगडी कमानी, लोकरी ब्लेझर, मेणबत्त्या, काळ्या झग्यातली छडीवाली नन. अहो, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. झगा घातलाच तर फादर पांढरा घालतात, बऱ्याच सिस्टर साध्या साडीत असतात.

कपडेपट एका दुपारीत सुधारतो, त्याची चिंता नाही. खरी अडचण वेगळी आहे. या प्रकारच्या सिनेमात गोष्ट नियमातून निघते. नियम कुणाचा, तो कुणाला लागू आणि मोडला तर काय होतं, हे लेखकाला ठाऊक नसेल तर चांगला नटसुद्धा सीन वाचवू शकत नाही.

कन्फेशनमधून माहिती फोडणं

सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच. कन्फेशन म्हणजे धर्मगुरूपुढे एकट्याने दिलेली पापांची कबुली. पोरगा फादरसमोर गुडघे टेकून चोरी कबूल करतो आणि पुढच्या सीनमध्ये फादर प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये सगळं सांगतात. कॅथलिक प्रेक्षक तिथेच उठून जाईल. कन्फेशनमध्ये ऐकलेलं धर्मगुरूला कुणालाही सांगता येत नाही. प्रिन्सिपल नाही, पोलीस नाही, बिशपसुद्धा नाही. थेट गुपित फोडणारा धर्मगुरू चर्चच्या कायद्याने आपोआप बहिष्कृत होतो. इतकंच नव्हे, तिथे कळलेली गोष्ट त्या मुलाचं नुकसान होईल अशा रीतीने वापरायलाही त्याला बंदी आहे. म्हणजे पेटीची किल्ली कुणी पळवली हे फादरना ठाऊक आहे, वॉर्डन भलत्याच पोराला उन्हात उभं करतोय आणि फादरना ‘हा नव्हे’ एवढंही म्हणता येत नाही. बघा, सीन आपोआप उभा राहिला. गुपित फुटायलाच हवं असेल तर ते कन्फेशनबाहेर, विहिरीवर किंवा मेसच्या ओट्यावर कळू द्या.

त्यातच आणखी दोन घोटाळे असतात. कन्फेशन फक्त धर्मगुरू ऐकू शकतो. सिस्टरना ते ऐकता येत नाही, आणि धर्मगुरू नसलेल्या ब्रदरनाही नाही. मिस्साचंही, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेचंही, तेच: ती फक्त धर्मगुरूच करू शकतो. दुसरं म्हणजे बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, न झालेलं मूल कन्फेशनला जात नाही. आपल्या भागातल्या बोर्डिंगची गोष्ट लिहिताना नायक भिल्ल किंवा पावरा घरातला हिंदू मुलगा असेल, तर त्याला कन्फेशनच्या जाळीमागे बसवू नका.

त्यापेक्षा त्याला मिस्सात ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे आशीर्वादित चकतीच्या, रांगेत उभा करा. सगळे उठले म्हणून तोही उठतो. पुढची पोरं एकेक करून सरकतात, हा हात पुढे करतो. फादर क्षणभर थांबतात, पातळ पांढरी चकती परत भांड्यात ठेवतात, पोराच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात आणि मागच्याकडे वळतात. पोराला वाटतं आपल्यालाच का नाही. एक शब्द न बोलता ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ पडद्यावर आला. लुई मालच्या १९८७ च्या फ्रेंच सिनेमात, ‘ओ रव्वार ले आँफाँ’मध्ये, असाच प्रसंग आहे. नाव बदलून लपवलेला ज्यू मुलगा रांगेत येतो आणि फादर अडखळतात. त्याच सिनेमात पोरांबरोबर काळाबाजार करणारा स्वयंपाकघरातला गडी नोकरीवरून जातो, पोरं मात्र शाळेत राहतात. तोच गडी पुढे गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, खबर देतो. एवढा मोठा घात कोठीघरातल्या एका अन्यायातून निघतो. आपल्या स्क्रिप्टमध्ये मेसचा आचारी फक्त डाळ वाढायला येतो, हे मला नेहमी खटकतं.

फक्त शाळेचं कॅलेंडर पाहणं

इथे खान्देशच्या लेखकाच्या हातात खजिना आहे आणि तो कुणी उघडत नाही. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो. होळी बहुधा त्याच्या पोटातच येते. २०२५ चं घ्या. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, ५ मार्चला, होळी-धुळवड १३-१४ मार्चला, गुड फ्रायडे १८ एप्रिलला. सातपुड्यातल्या पोराला होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. अक्कलकुव्याच्या काठीची राजवाडी होळी तर लांबून लोक बघायला येतात. बाप पोराला न्यायला गेटवर येऊन बसलाय, बोर्डिंगमध्ये संयमाचे दिवस चालू आहेत आणि मोठ्या पोरांची दहावीची परीक्षा सुरू आहे. सुट्टी द्यायची की नाही? इथे कुणालाच खलनायक करावं लागत नाही, तिघांचंही बरोबर आहे.

याच हिशेबात एक ढोबळ चूक सांभाळा: गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही. त्या दिवशी वेगळी उपासना असते आणि चर्चची घंटा गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सानंतर ईस्टरच्या जागरणापर्यंत वाजत नाही. तुमचा भावुक घंटानाद त्या दिवशी ठेवू नका.

पोरगा पहिल्यांदा बोर्डिंगला येतो तो सीन जूनमधला असू द्या. एसटीच्या टपावरून उतरवलेली पत्र्याची पेटी, तिच्यावर ऑइल पेंटने लिहिलेलं नाव, आत चटणीची बरणी आणि लाडू, किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात. आई दोऱ्याची गाठ दोनदा ओढून बघते. एवढं दिसलं की ‘आई, मला सोडून जाऊ नकोस’ हा संवाद कापला तरी चालतो.

सगळे ख्रिस्ती एकाच साच्यातले

नवापूर, चिंचपाडा भागात ‘मिशन’ म्हटलं की मुख्यतः प्रोटेस्टंट मिशनचं काम आठवतं. तिथल्या पास्टरला, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरूला, बायकामुलं असतात. तिथे नन नाहीत, जपमाळ नाही, येशूच्या आईचा, मारियेचा पुतळाही नाही. लेखक बिनधास्त पास्टरच्या हाताखाली सिस्टर देतो आणि भिंतीवर मारिया लटकवतो. आधी ठरवा, तुमचं बोर्डिंग कुणाचं आहे.

बोलीचंही तसंच. सपाटीवरचं पोरगं ‘माले घर जानं शे’ म्हणेल ते अहिराणीत. धडगावचं पावरीत बोलेल, नवापूरचं मावचीत, यावल-रावेरचं लेवा बोलीत. सगळ्यांना एकच ‘गावरान’ भाषा देऊ नका. सिस्टर केरळच्या किंवा मंगळूरच्या असतील तर त्यांचं मराठी वेगळं अडखळेल, पण ते हसवायला वापरू नका, फार झालं ते.

काळाची गफलत

दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, १९६२ ते १९६५ अशी चालली. तिच्या आधी मिस्सा लॅटिनमध्ये असे आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करत. मराठी मिस्सा, गिटार, लोकांकडे वळलेले फादर हे सगळं नंतरचं. १९५५ च्या कथेत गिटार आली की गेलं. १९७० च्या कथेत ‘नंदुरबार जिल्हा’ लिहाल तर तेही चुकलं, तो १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला.

खलनायक कोण?

क्रूर सिस्टर हा शिळा माल आहे. त्यापेक्षा सत्तेची उतरंड समजून घ्या. वॉर्डन, प्रिन्सिपल, रेक्टर म्हणजे त्या घराचे प्रमुख, त्यांच्यावर धर्मसंस्थेचे प्रांतप्रमुख म्हणजे प्रोव्हिन्शियल. या लोकांनी आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं असतं. बदलीचं पत्र आलं की पेटी उचलायची. पोरांचा आवडता ब्रदर हाकलला जायची गरजच नाही, तो सरळ बदलून जातो आणि तक्रार कुणाकडे करायची हेच पोरांना कळत नाही.

लैंगिक अत्याचाराचा विषय शेवटच्या दहा मिनिटांत धक्का म्हणून टाकायचा असेल तर नका टाकू. घ्यायचाच तर सुरुवातीपासून घ्या आणि कायदा वाचून घ्या. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा माहीत असणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. आजच्या काळातल्या कथेत अख्खा स्टाफ फक्त कुजबुजत बसलेला दाखवलात, तर ते कायदा मोडताहेत हे तुमच्या पटकथेला माहीत असलं पाहिजे.

शेवटी शूटिंगचं. चॅपलमध्ये लाल दिवा तेवत असेल तर पवित्र पेटीत ख्रिस्तप्रसाद ठेवलेला आहे, आणि मग समोरून जाणारं प्रत्येक कॅथलिक पात्र गुडघा टेकवणार. तुमचा नट सरळ चालत गेला तर सीन पडला. खऱ्या चॅपलमध्ये शूट करणार असाल तर आधी तिथल्या फादरना भेटा, परवानगी घ्या आणि ख्रिस्तप्रसाद दुसरीकडे हलवायची विनंती करा. रांगेच्या सीनसाठी आशीर्वादित न केलेल्या चकत्या मागा, आणि रिहर्सलमध्ये पोरांनी त्या चिवड्यासारख्या खाऊ नयेत यासाठी एक असिस्टंट तिथेच उभा करा.