टाको मसाला घरच्या घरी कसा करावा

परदेशी पाककृतीत ‘चिली पावडर चार मोठे चमचे’ असे वाचून आपल्या डब्यातले लाल तिखट तेवढेच घातले, तर ते टाकोचे, म्हणजे मक्याच्या दुमडलेल्या पोळीत भरून खायच्या मेक्सिकन पदार्थाचे, सारण घरातल्या कोणाच्याही घशाखाली उतरणार नाही. चूक मापात नसते, नावात असते. अमेरिकेत चिली पावडर म्हणून जी विकली जाते ती निव्वळ मिरचीची पूड नसून सौम्य मिरची, जिरे, ओरेगॅनो आणि लसूण यांचे तयार मिश्रण असते. 1890 च्या दशकात टेक्सासमध्ये विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने असे मिश्रण बाजारात आणले आणि तिकडच्या स्वयंपाकात ते रुळले. टाको मसाल्याची पुडी हे त्याच टेक्सासी वळणाचे पुढचे रूप आहे. खुद्द मेक्सिकोत टाकोला असा एकच ठरलेला मसाला नसतो. त्यामुळे आपल्याला नक्कल करायची आहे ती पुडीची, आणि पुडीत जे असते त्यातले ओरेगॅनो व कॉर्नफ्लोअर सोडले तर बाकी सारे मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात सापडते.

या मसाल्याचे सूत्र आपल्याला परके नाही. येसर करताना आपण गहू, हरभऱ्याची डाळ अशी धान्ये खमंग भाजून मसाल्याबरोबर दळतो, ते आमटीला चवीबरोबर दाटपणा यावा म्हणून. टाकोच्या पुडीतले कॉर्नफ्लोअर नेमके तेच काम करते. फरक आहे तो सुवासात. येसरात किंवा काळ्या मसाल्यात लवंग, दालचिनी, दगडफूल यांचा दरवळ पुढे असतो, तर टाको मसाल्यात जिरे पुढे, मिरची रंगापुरती आणि तिखटपणा बेताचा असतो. म्हणून गरम मसाला आणि हळद यांचे डबे या कृतीत उघडूच नयेत. चिमूटभर हळदीने काय बिघडते, असे वाटते खरे. पण तेवढ्यानेही सारणाला ओळखीच्या रश्श्याची चव येते आणि सारा खटाटोप वाया जातो.

पुढील प्रमाणात मोठा चमचा 15 मिलिलिटरचा आणि छोटा 5 मिलिलिटरचा धरला असून सर्व माप सपाट आहे. बेडगी मिरचीची पूड 4 मोठे चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड 2 मोठे चमचे, वाळवलेल्या कांद्याची पूड, लसणाची पूड आणि चुरलेले ओरेगॅनो प्रत्येकी 1 मोठा चमचा, आणि रोजच्या वापरातले झणझणीत तिखट, मिरपूड व धणेपूड प्रत्येकी 1 छोटा चमचा. एवढ्यातून सुमारे 70 ग्रॅम मसाला तयार होतो व तो तीन वेळा पुरतो. मीठ आणि कॉर्नफ्लोअर मी मुद्दाम वगळले आहे, त्याचे कारण साठवणीच्या भागात येईल.

पहिले काम कांदा-लसणाचे, कारण त्याला दिवस लागतात. विकतची पूड मिळते, पण आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात ती घरी करणे अगदी सोपे आहे. पाव किलो कांदा पातळ उभा चिरून, पाकळ्या सुट्या करून, परातीत एकेरी थरात पसरावा व वर मलमलीचे किंवा जुन्या धोतराचे कापड बांधावे, नाहीतर दुपारच्या वावटळीने सगळी माती त्यात येते. रात्री परात घरात घ्यावी. दोन ते तीन दिवसांत त्या पाव किलोचे जेमतेम 30 ग्रॅम उरतात, कारण कांद्यात पाणीच फार. लसणाच्या सोललेल्या पाकळ्यांचेही तसेच पातळ काप करावेत. मात्र ते निराळ्या ताटात वाळवावेत.

वाळले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, ते बोटांनी आणि कानांनी ठरवावे लागते. काप दुमडला तर वाकता कामा नये, कट्कन मोडला पाहिजे. पहिल्या खेपेला मी याच ठिकाणी घाई केली. लसणाचे काप कडेला कुरकुरीत आणि मध्ये किंचित चिवट होते, तरी ते मिक्सरमधून काढले. श्रावणात बरणी उघडली तेव्हा मसाल्याचा एकसंध गोळा झाला होता व त्यावर पांढरी बुरशी धरली होती, त्यामुळे सारी बरणी टाकून द्यावी लागली.

मिरचीची निवड हा या मसाल्याचा प्राण आहे. बेडगी मिरची, जिला कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी या गावाचे नाव मिळाले आहे, तिचा रंग गडद आणि तिखटपणा कमी असल्यामुळे ती येथे अगदी चपखल बसते. काश्मिरी मिरचीही चालते. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद ही लाल मिरचीसाठी ओळखली जाणारी बाजारपेठ आहे, आणि त्या भागात राहणाऱ्यांनी दुकानदाराला ‘रंगाची, कमी तिखट’ एवढे सांगितले तरी पुरते. सुमारे 50 ग्रॅम मिरच्यांचे देठ काढून बहुतेक बिया झटकून टाकाव्यात, त्या तासभर उन्हात ठेवाव्यात आणि मग कोमट तव्यावर काही क्षण नुसत्या फिरवून घ्याव्यात. ठसका उठला म्हणजे त्या करपू लागल्या. करपलेल्या मिरचीचा कडूपणा पुढे कशानेही झाकत नाही. घरी चूल असेल तर विझत आलेल्या निखाऱ्यांवर जाळी ठेवून मिरच्या धरल्यास हलका धुरकट वास लागतो, आणि तो या मसाल्याला फार शोभतो. गार झाल्यावर दळून बारीक चाळणीने चाळावे.

जिरे निवडून, जाड बुडाच्या कढईत, तेल न घालता, मंद आचेवर सतत हलवत भाजावे. दीड-दोन मिनिटांत त्याचा कच्चा, गवतासारखा वास जाऊन खमंगपणा सुटतो आणि दाण्याचा रंग एक छटा गडद होतो. त्याच क्षणी ते थंड ताटलीत ओतावे, कारण गॅस बंद केला तरी कढईच्या उष्णतेने ते पुढे भाजतच राहते. विकतची जिरेपूड वापरू नये. येथे जिऱ्याची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. गंमत अशी की मिरची मेक्सिकोकडची, ती पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली, आणि जिरे जुन्या जगातले, ते स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेले.

ओरेगॅनो किराणा दुकानात बाटलीत मिळते. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या साठवलेल्या असतात, त्या वापरण्याचा मोह होतो, पण त्यांत पुष्कळदा मीठ, लसूण आणि मिरचीही मिसळलेली असते, तेव्हा आधी चाखून पाहावे. ओरेगॅनो नसलेच तर पाव छोटा चमचा ओवा हलका भाजून, तळहातावर चुरून घालावा. दोन्हींत थायमॉल हा सुगंधी घटक असल्याने वास जवळचा येतो. ओवा मात्र जहाल असतो. याहून जास्त पडला तर सारणाला पोटदुखीच्या काढ्याची आठवण येऊ लागते.

सर्व पुडी कोरड्या परातीत एकत्र करून दोनदा चाळून घ्याव्यात आणि पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या काचेच्या बरणीत भराव्यात. मीठ बरणीत घातले तर पावसाळ्यात ते ओल धरते व मसाला घट्ट होतो, शिवाय घरात कोणाला मीठ वर्ज्य असेल तर सोय राहत नाही. कॉर्नफ्लोअरही आयत्या वेळीच घालावे. बरणी उजेडापासून दूर ठेवावी, कारण उजेडात मिरचीचा रंग उडतो. तीन-चार महिन्यांत संपेल एवढाच मसाला करणे बरे.

वापरताना अर्धा किलो खिम्याला 3 मोठे चमचे मसाला, 1 छोटा चमचा मीठ आणि 1 छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घ्यावे. शाकाहारी घरात भिजवून पिळलेल्या सोयाबीनच्या वड्यांचा चुरा किंवा शिजवून अर्धवट ठेचलेला राजमा तितकाच चांगला लागतो. आपल्या हाताला मसाला तेलात परतण्याची सवय असते; येथे ती आवरावी, कारण लसणाची पूड गरम तेलात पाहता पाहता जळते. आधी कांदा आणि खिमा परतून घ्यावा, मग मसाला घालून लगेच पाऊण वाटी पाणी ओतावे व पाणी आटून सारण कढईच्या कडा सोडीपर्यंत, म्हणजे पाच-सात मिनिटे, मंद आचेवर शिजू द्यावे. वरून लिंबू पिळावे.

टाकोच्या कुरकुरीत वाट्या मिळाल्या नाहीत तरी अडत नाही. ज्वारीची भाकरी पुरीएवढ्या आकाराची, नेहमीपेक्षा पातळ थापावी आणि तव्यावरून उतरताच, वाफ असतानाच, लाटण्यावर पालथी घालून दुमडावी. गार झाल्यावर दुमडायला गेले तर ती हमखास मध्ये चिरते.