अक्रोडाच्या लाकडाला लोखंडी स्क्रू मारू नका

काश्मीरहून आणलेली अक्रोडाची पेटी असो किंवा वखारीतून घेतलेली फळी, तिला बिजागरी किंवा कडी बसवताना पितळी स्क्रूच वापरा. या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ओल लागली की लोखंडाशी त्याची प्रक्रिया होते आणि स्क्रूभोवती निळसर काळा डाग पसरतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर तो हमखास दिसतो, आणि लाकडात खोल मुरला की रंध्याने तासूनही पुरता जात नाही. पितळ मऊ असतं, म्हणून आधी बारीक भोक पाडा, त्यात पितळी स्क्रूच्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा आणि मगच पितळी बसवा. नाहीतर डोकं तुटून हातात येतं.

फळी निवडताना गडद तपकिरी गाभा बघून घ्या. कडेच्या फिकट पट्ट्याला कीड लवकर लागते. सागापेक्षा अक्रोडाचा पोत बारीक, त्यामुळे पटाशीखाली तो ढलपे न उडता स्वच्छ कापला जातो. श्रीनगरचे कारागीर त्यात चिनाराचं पान शिरांसकट कोरतात ते उगाच नाही.

रंग मात्र कृपा करून चढवू नका. जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन-तीन पातळ हात पुरतात. तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं. उघड्यावर पसरून वाळवा.