शाळेचा परदेश अभ्यासदौरा कसा आखावा?

परदेशी अभ्यासदौऱ्याची चर्चा शाळेत बहुधा देशाच्या नावापासून सुरू होते, आणि तिथेच दौऱ्याची सहल व्हायला लागते. देश आधी ठरला की पाहण्याजोग्या ठिकाणांची यादी होते, यादी लांबते, आणि मुले आठ दिवसांत पाच शहरे बसच्या काचेतून पाहून परततात. म्हणून या लेखात क्रम उलटा धरला आहे. विद्यार्थ्यांनी कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे हे आधी ठरवावे आणि त्या प्रश्नाला जिथे उत्तर मिळेल तिथे जावे.

पहिली पायरी : प्रश्न आणि ठिकाण

प्रश्न असा असावा की त्याचे काही उत्तर पुस्तकात मिळेल, पण उरलेले जागेवर गेल्याशिवाय नीट कळणार नाही. भौतिकशास्त्राची आवड असलेल्या गटाला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जाता येईल. तिथला २७ किलोमीटर परिघाचा कणत्वरक, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, भूगर्भात आहे आणि तो चालू असताना बोगद्यात प्रवेश मिळत नाही, याची कल्पना मुलांना आधीच द्यावी. आधुनिक इतिहासासाठी हिरोशिमा आहे. गटाचे वय, अभ्यासक्रम आणि शिक्षकांचा स्वतःचा व्यासंग यांचा मेळ बसेल असा विषय निवडावा. विषयात रस नसलेला शिक्षक फक्त हजेरी घेऊ शकतो.

एक उदाहरण जरा सविस्तर पाहू. ‘कोणत्या रेषेपासून जग मोजायचे, हे कसे ठरले?’ असा प्रश्न घेतला, तर लंडन आणि पॅरिस ही दोनच शहरे पुरतात. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत लंडनमधल्या ग्रिनिचची रेषा मूळ रेखावृत्त म्हणून स्वीकारली गेली. २५ देशांपैकी २२ देशांनी तिला अनुकूल मत दिले, एकाने विरोध केला, तर फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. फ्रान्सने ग्रिनिचची वेळ कायद्याने स्वीकारली ती १९११ मध्ये, आणि तीही ‘पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटे २१ सेकंद मागे’ अशा शब्दांत. ग्रिनिचच्या वेधशाळेतली धातूची रेषा ओलांडून मुलांनी मोबाइल हातात धरून पूर्वेकडे चालत जावे. त्यावरचे रेखांश शून्य होतात ते रेषेपासून सुमारे १०२ मीटरवर, शेजारच्या बागेत. जुनी रेषा त्या जागेच्या गुरुत्वाकर्षणानुसार ठरलेल्या लंब दिशेवर बेतलेली होती, तर उपग्रहांची मोजणी पृथ्वीचे वस्तुमानकेंद्र धरून होते, म्हणून हा फरक पडतो. पॅरिसमध्ये जुन्या फ्रेंच रेखावृत्तावर ‘आरागो’ असे (एका फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचे) नाव कोरलेल्या कांस्याच्या छोट्या चकत्या रस्त्यांत बसवलेल्या आहेत. त्या शोधत चालण्यात अर्धा दिवस सहज जातो.

आठ-दहा दिवसांच्या दौऱ्यात मुक्कामाची ठिकाणे दोन असावीत, फार तर तीन. चाळीस मुलांनी एक हॉटेल सोडून दुसऱ्या शहरात खोल्या मिळवायच्या म्हणजे सामान, प्रवास आणि खोलीवाटप यांत अर्धा दिवस हमखास जातो, आणि हा अर्धा दिवस छापील कार्यक्रमपत्रिकेत कधी दिसत नाही.

दुसरी पायरी : परवानगी, खर्च आणि आयोजक

तयारीला किमान एक वर्ष द्यावे. संस्थेच्या व्यवस्थापनाची लेखी मान्यता घेऊन मगच पालकसभा बोलवावी. सभेत खर्चाचा एकच ठोकळ आकडा न सांगता विमानभाडे, निवास, भोजन, स्थानिक प्रवास, प्रवेशशुल्क, व्हिसा, विमा आणि राखीव रक्कम अशी फोड मांडावी. सोबत जाणाऱ्या शिक्षकांचा खर्च बहुतेक वेळा विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनच निघतो. तसे असेल तर ते स्पष्ट सांगावे, कारण ही गोष्ट नंतर दुसरीकडून कळली की विश्वास तुटतो. चलनाचा दर बदलल्यास फरक कोणी सोसायचा, हेही याच सभेत ठरावे. शुल्क भरणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी काही जागा संस्थेच्या निधीतून ठेवाव्यात आणि त्या विद्यार्थ्यांची नावे वर्गात जाहीर होऊ देऊ नयेत.

सहल आयोजकाकडून काम करून घ्यायचे असेल, तर तीन ठिकाणांहून लेखी दरपत्रके मागवावीत आणि ती खालच्या टिपांसकट वाचावीत. हॉटेलच्या नावापुढे ‘किंवा समकक्ष’ असे दोन शब्द छापलेले असतात. त्यांच्या जोरावर शहराच्या मध्यातले हॉटेल ऐनवेळी तासाभराच्या अंतरावर जाऊ शकते. समकक्ष म्हणजे मुख्य स्थळांपासून किती अंतरावर आणि कोणत्या सोयींसह, हे करारात लिहून घ्यावे. एखाद्या विद्यार्थ्याचा व्हिसा नाकारला गेला किंवा तो आजारी पडला, तर किती रक्कम परत मिळेल, परदेशात चोवीस तास उपलब्ध असणारी व्यक्ती कोण, आणि बसमध्ये प्रत्येक आसनाला पट्टा आहे का, या प्रश्नांना तोंडी आश्वासन पुरेसे मानू नये.

तिसरी पायरी : कागदपत्रे

इथली चूक सर्वांत महाग पडते. पासपोर्टची मुदत पहिल्याच आठवड्यात तपासावी. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, जाताना पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत दिलेला आणि तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो. अनेक देश सहा महिन्यांची मुदत मागतात, म्हणून सहा महिने धरून चालणे बरे. लहान वयात काढलेल्या पासपोर्टची मुदत पुष्कळ देशांत प्रौढांच्या पासपोर्टपेक्षा कमी असते, आणि पालकांच्या ते लक्षात नसते. तिकिटावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी तो करावा लागतो. निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत होतो, पण काही प्रकरणांत तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि बारा वर्षांवरील अर्जदारांना बोटांचे ठसे द्यावे लागतात. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे ज्या नागरिकांना दोन्हीकडे व्हिसा लागतो त्यांना दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात. वरच्या उदाहरणात पॅरिसला उतरून, लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसहून परतायचे ठरवले, तर शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो आणि एका प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. लंडनला उतरून पॅरिसहून परतण्याची तिकिटे काढली की हा गुंता मुळातच टळतो. विमान बदलण्याच्या देशातही काही नागरिकांना व्हिसा लागतो, तेही पाहावे.

गटात वेगळ्या नागरिकत्वाचा एखादा विद्यार्थी असल्यास त्याचे नियम स्वतंत्रपणे तपासावेत. अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी दोन्ही पालकांच्या सहीचे संमतिपत्र घ्यावे. त्यात प्रवासाच्या तारखा, सोबतच्या शिक्षकांची नावे आणि तातडीच्या उपचारांना परवानगी असा मजकूर असावा. पालक विभक्त असतील किंवा मूल इतर पालनकर्त्याकडे राहत असेल, तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत लागू शकते. हे विचारताना शिक्षकांनी कुटुंबाशी एकांतात बोलावे.

चौथी पायरी : आरोग्य

प्रत्येक विद्यार्थ्याचा आरोग्य तपशील गोपनीय अर्जावर घ्यावा. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत असावीत. एका देशात चिठ्ठीवर सहज मिळणारे औषध दुसऱ्या देशात बेकायदा असू शकते. जपानमध्ये अँफेटामाइन असलेली औषधे चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलाजवळ त्या देशाच्या भाषेत लिहिलेले कार्ड द्यावे. घरची आठवण येऊन रडू येणे पंधरा-सोळाव्या वर्षीही होते. पहिल्या दोन रात्री एका शिक्षकाने याच कामासाठी मोकळे राहावे.

पाचवी पायरी : जाण्यापूर्वीचा अभ्यास

मुलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला एक स्थळ द्यावे. तिथे पोचल्यावर पहिली दहा मिनिटे त्या जोडीने बोलायचे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. मार्गदर्शकाची पाळी त्यानंतर.

याच टप्प्यावर जे विद्यार्थी येणार नाहीत त्यांनाही कामात घ्यावे. सावलीचा प्रयोग त्यासाठी उत्तम आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया आणि साईन या दोन गावांतल्या मध्यान्हीच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परिघ काढला होता. दौऱ्यातल्या गटाने पॅरिसमध्ये एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि सावली सर्वांत आखूड होईल तेव्हाची लांबी मोजावी. घड्याळात बारा वाजतात तेव्हा ती सर्वांत आखूड असतेच असे नाही. प्रमाणवेळ आणि उन्हाळी वेळ यांमुळे तासा-दीड तासाचा फरक पडू शकतो, म्हणून मोजणी बरीच आधी सुरू करून दर पाच मिनिटांनी खूण करावी. त्याच तारखेला शाळेतला गट आपल्या मैदानावर तेच करील. दोन्ही लांबींवरून सूर्याचे शिरोबिंदूपासूनचे, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासूनचे, कोन निघतात. दोन्हीकडे सावली एकाच दिशेला पडली असेल तर कोनांची वजाबाकी करायची, एकीकडे उत्तरेला आणि दुसरीकडे दक्षिणेला पडली असेल तर बेरीज. हा अक्षांशांतला फरक झाला. नकाशावरून दोन ठिकाणांमधले फक्त दक्षिणोत्तर अंतर घ्यावे, त्याला ३६०ने गुणून या फरकाने भागावे. उत्तर ४०,००० किलोमीटरच्या आसपास यायला हवे. हा आकडा इतका गोळाबेरीज का आहे, याचे कारण पॅरिसमध्येच आहे. उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर असे तिथे ठरवले गेले, आणि त्यासाठी १७९२ ते १७९८ या काळात डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतची मोजणी झाली. दौऱ्याआधी एकदा हा प्रयोग शाळेत करून पाहावा, आणि ढगाळ हवामानासाठी एक जादा दिवस हाताशी ठेवावा.

सहावी पायरी : दिवसाचा कार्यक्रम

विमानातून उतरल्या दिवशी काहीही शिकवू नये. फिरणे, जेवण आणि वेळेवर झोप एवढेच ठेवावे. पूर्वेकडे प्रवास केल्यावर शरीराला नव्या वेळेशी जुळायला सहसा अधिक दिवस लागतात. संग्रहालयांचे सुटीचे वार आधी पाहावेत. पॅरिसचे लूव्र मंगळवारी बंद असते, इतर अनेक संग्रहालये सोमवारी. मोठ्या संग्रहालयात सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येकाने तीन वस्तू निवडाव्यात आणि त्यांपैकी एकीचे पंधरा मिनिटे बसून चित्र काढावे. चित्र कसेही आले तरी चालेल, कारण काढताना वस्तूकडे बघावे लागते. वहीत ‘फार छान वाटले’ लिहायला मनाई असावी. काय पाहिले, काय अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले आणि कोणता प्रश्न पडला, एवढेच लिहावे. रात्री जेवणानंतर वीस मिनिटे त्यावर बोलावे.

स्थानिक शाळेला भेट ठरल्यास स्वागतसमारंभ आटोपता घेऊन दोन्हीकडच्या मुलांना एकत्र काम द्यावे. सावलीचा प्रयोग इथेही चालतो.

सातवी पायरी : सुरक्षितता

दहा विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक असावा, शिवाय कोणाला रुग्णालयात न्यावे लागले तर गट अडू नये म्हणून एक जास्तीचा. हजेरी नावांनी घेण्यापेक्षा प्रत्येकाला क्रमांक देऊन मुलांनीच ओळीने क्रमांक म्हणावेत. फलाटावरच्या गर्दीतही हे मिनिटभरात होते. भुयारी रेल्वेचा नियम पहिल्याच दिवशी पाठ करून घ्यावा : जो मागे राहिला त्याने त्याच फलाटावर थांबायचे, जो एकटाच चढला त्याने पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच उभे राहायचे, आणि दोघांनाही आणायला शिक्षकच येतील.

प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचा पत्ता आणि शिक्षकांचे क्रमांक असलेले कार्ड असावे. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो. ब्रिटनमध्ये वाहने डावीकडून धावतात आणि फ्रान्समध्ये उजवीकडून, त्यामुळे सीमा ओलांडल्यावर पहिला दिवस रस्ता पार करताना शिक्षकांनी पुढे राहावे. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी, कारण विमानात ती मोठ्या सामानात चालत नाही. खोल्यांची रात्रीची तपासणी दोन शिक्षकांनी मिळून करावी. पालकांना रोज ठरलेल्या वेळी एकच संदेश शाळेकडून जावा. चाळीस मुलांनी चाळीस प्रकारे कळवलेला किरकोळ ताप घरी पोचेपर्यंत साथ होतो.

आठवी पायरी : परतल्यावर

परतल्यापासून दोन आठवड्यांत मुलांनी शाळेसमोर आपले उत्तर मांडावे. पॅरिस आणि शाळेचे मैदान यांच्या सावल्यांचे आकडे एकाच तक्त्यात लावले, म्हणजे न गेलेल्या मुलांचाही त्यात हक्काचा वाटा राहतो. उत्तर चुकले असेल तर चूक किती आणि कशाने आली, हाच भाग अधिक वेळ घेऊन सांगावा. खर्चाचा हिशेब पावत्यांसह महिन्याभरात पालकांना द्यावा आणि राखीव रकमेतले उरलेले पैसे परत करावेत. आरोग्याचे अर्ज आणि पासपोर्टच्या प्रती नष्ट कराव्यात. बाकीची फाइल, म्हणजे करार, वेळापत्रक, ऐनवेळी बदललेल्या वेळा, कामाला आलेले संपर्क आणि कोणत्या ठिकाणी किती वेळ कमी पडला याची नोंद, पुढच्या दौऱ्याची जबाबदारी ज्या शिक्षकांवर येणार आहे त्यांच्या हाती समक्ष द्यावी.