‘एक तारखेपासून नक्की’ म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

ऑफिसचं काम रडतखडत का होईना, होतं. मागे कुणीतरी लागलेलं असतं. स्वतःसाठी ठरवलेलं काम मात्र वर्षानुवर्षं पडून राहतं. पुस्तक लिहायचं, पेटी शिकायची, अर्धवट सोडलेली पदवी पूर्ण करायची. नाही झालं तर कुणाचं काही अडत नाही ना! मी लेखनाचे वर्ग घेते. पहिल्या दिवशी माणूस काय विचारतो यावरून तो कुठे अडकणार याचा अंदाज येतो. “लिहायला कुठलं अ‍ॅप चांगलं?” असं कुणी विचारलं की मी मनातल्या मनात कपाळावर हात मारते.

तयारीलाच काम समजणं

एका निवृत्त गृहस्थांना कादंबरी लिहायची होती. हिशेबात पक्का माणूस. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी लॅपटॉप उघडून एक्सेलची शीट दाखवली. प्रत्येक पात्राला वेगळा रंग, प्रकरणांसमोर तारखा आणि ‘आजचे शब्द’ नावाचा रकाना. तो भरला की खाली बेरीज व्हायची आणि एक पट्टा हिरवा होत जायचा. रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. मी विचारलं तर म्हणाले, “अहो मॅडम, आधी सांगाडा तर पक्का होऊ दे.” पुढच्या वेळी त्यांनी सूत्र सुधारून आणलं होतं: सुट्टीचे दिवस वगळून रोजची सरासरी. शून्याची सरासरी!

शेवटी मी लॅपटॉप मिटायला लावला, एक कागद पुढे केला आणि म्हटलं, “कुणीतरी दार उघडून आत येतंय, एवढंच लिहा.” बराच वेळ ते पेनाचं टोपण लावत-काढत बसले. मग पाच ओळी उतरल्या, आणि लगेच कागद उलटा करून म्हणाले, “हे फारच भिकार झालंय हो.” खरी गोम तिथे होती. एक्सेलमध्ये कादंबरी भिकार होऊच शकत नाही, म्हणून तिथे रमायला बरं वाटतं.

फ्यूशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडलं: चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा नकोशी भावना टाळण्याचा प्रकार जास्त आहे. त्यामुळे नवं वेळापत्रक आखून दुखणं जात नाही. माझा उपाय अगदी साधा आहे. पहिला मसुदा मी पाठकोऱ्या कागदांवर लिहिते. चांगल्या वहीत हात आखडतो. पाठकोऱ्यावर कितीही वाईट लिहिलं तरी कुणाची लाज वाटत नाही.

‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हणणं

वेळ मिळत नसतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनाचं सार असं, की ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं आधीच ठरवलेलं काम नुसत्या इच्छेपेक्षा पार पडण्याची शक्यता जास्त. माझं ठरलेलं आहे: सकाळचा कप विसळून ठेवला की खुर्चीत. फोन दुसऱ्या खोलीत.

रोज दोन तासांचा संकल्प करणं

नवशिक्यांची लाडकी चूक. दहा मिनिटं म्हटलं की यांना अपमान वाटतो. “दहा मिनिटांत काय होणार?” आजवर शून्य मिनिटांत काय झालं, ते आधी सांगा.

मनाला येईल तो अंदाज धरणं

रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा. लागले सुमारे ५५. मी सरळ दुप्पट धरते.

मूडची वाट बघणं

मूड काम सुरू झाल्यावर येतो. तोही कधीकधी.

चालढकलीवरचे व्हिडिओ बघत बसणं

यावर काय बोलायचं!

एक दिवस चुकला की सगळंच सोडणं

वर्गातली सर्वाधिक गळती इथे होते. एक खाडा झाला की माणूस तोंड लपवतो, मग एक तारखेची वाट बघतो. ‘२१ दिवसांत सवय’ हे ऐकून आलेले तर आधीच घायकुतीला आलेले असतात. फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात वागणं अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीवर फारसा परिणाम झाला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली.

तेव्हा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी नेहमीचीच दहा मिनिटं बसा. भरपाई म्हणून वीस नकोत. वीसवाले तिसऱ्या दिवशी पुन्हा गायब होतात.