घराच्या आवारात कोणते झाड लावावे: आक्रमक की स्थानिक?

झाड लावायचे ठरले की ते किती लवकर वाढेल आणि त्याची निगा किती राखावी लागेल, हेच आपण प्रथम विचारतो. आक्रमक झाडे, म्हणजे बाहेरून येऊन आपोआप पसरत स्थानिक झाडांची जागा घेणारी झाडे, या दोन्ही कसोट्यांवर हमखास उत्तीर्ण होतात, कारण झपाट्याने वाढणे, कोणत्याही मातीत तग धरणे आणि लहान वयातच भरपूर बी धरणे या ज्या गुणांमुळे ती रोपवाटिकेत आवडती ठरतात, त्याच गुणांमुळे ती कुंपणाबाहेर कोणालाही आवरत नाहीत. म्हणून निवड करताना एक प्रश्न आधी विचारावा: उद्या हे झाड नकोसे झाले, तर ते पुरते काढून टाकता येईल का?

त्यासाठी रोपाचे शास्त्रीय नाव विचारून घ्यावे आणि ते आपल्या प्रदेशातील आक्रमक वनस्पतींच्या यादीत आहे का, हे पाहावे. यादीत नाव नसले तरी तेवढ्यावर थांबू नये. आपल्यासारख्याच हवामानाच्या दुसऱ्या प्रदेशात ती जात पसरलेली असेल, तर तो धोक्याचा सर्वांत भरवशाचा संकेत मानावा. इथे जातीला दोष नसतो, प्रश्न जागेचा असतो. भारतीय उपखंडात आणि आफ्रिकेत मूळची असलेली बाभूळ ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय पातळीवरचे उपद्रवी तण म्हणून नोंदली गेली आहे.

‘हे झाड इथे कित्येक वर्षांपासून आहे, कुठे पसरले?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, पण तो टिकत नाही. जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रदेशात बाहेरून आणलेल्या वृक्षांचा 1995 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की लागवड झाल्यापासून प्रसार सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे 170 वर्षे गेली होती. उलट ताहिती बेटावर 1937 साली शोभेसाठी आणलेल्या मिकोनिया या झाडाने शंभर वर्षांच्या आतच बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग व्यापला. त्याची बारीक फळे पक्षी खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. आवाराजवळ ओढा, रान किंवा पडीक जमीन असेल, तर पक्ष्यांनी, वाऱ्याने वा पाण्याने बी वाहून जाणारे विदेशी झाड टाळलेलेच बरे. ‘या वाणाला बी धरत नाही’ या विक्रेत्याच्या हमीवरही विसंबू नये. कॅलरी पेअर या शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या नाशपातीवर्गीय झाडाचे वाण स्वतःच्या परागाने फळत नाहीत, परंतु वेगवेगळे वाण जवळजवळ लावले गेल्यावर त्यांचे संकर फळले, रानात पसरले आणि अमेरिकेतील ओहायो राज्याला 2023 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली.

स्थानिक झाडाची खरी बाजू सावलीची नसून त्यावर जगणाऱ्या किड्यांची आहे, आणि पाने कुरतडलेली दिसली की औषध फवारणाऱ्यांना हे पटवणे अवघड जाते. बहुतेक अळ्या ठरावीक वनस्पतींचीच पाने पचवू शकतात आणि पक्ष्यांची पिल्ले मुख्यतः अळ्यांवर वाढतात. अमेरिकेतील घरांच्या बागांमध्ये कॅरोलायना चिकडी या पक्ष्यावर झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विदेशी वनस्पतींचे प्रमाण 30 टक्क्यांच्या वर गेले की पक्ष्यांची संख्या टिकत नाही, असे आढळले. याचाच दुसरा अर्थ असा, की न पसरणारे एखादे विदेशी फळझाड किंवा फुलझाड ठेवायला हरकत नाही. मोठी जागा तेवढी स्थानिक झाडांना द्यावी. अर्थात, स्थानिक आहे म्हणून प्रचंड वाढणारा वृक्ष भिंतीलगत लावू नये. पूर्ण वाढीचा घेर आणि मुळांची धाव पाहूनच जागा ठरवावी.

आवारात आक्रमक झाड आधीपासून असेल, तर बी पिकण्यापूर्वी त्याची फुले-शेंगा उतरवाव्यात आणि शेजारी स्थानिक रोप वाढवून मगच ते काढावे. मात्र तोडण्याआधी त्या जातीची रीत जाणून घ्यावी. एलांथस या मूळच्या चीनमधील झाडासारखे झाड नुसते बुंध्याशी कापले, तर मुळांतून दूरपर्यंत असंख्य फुटवे येतात, आणि पुढची काही वर्षे ते पुन्हा पुन्हा काढत राहावे लागतात.