युरोपात शिकताना शनिवार-रविवारची शहर ट्रिप: या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं-पोरी आता मास्टर्ससाठी जर्मनीत आहेत. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा आटोपली की ग्रुपवर विषय निघतोच. प्राग करू, पॅरिस करू, निदान साल्झबुर्ग तरी. ‘तठे जाईसन देखी लेसूत’ (तिथे जाऊन बघून घेऊ) हे गावच्या जत्रेला चालतं, या ट्रिपला चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं आणि रविवारी रात्री परत यायचं, म्हणजे शहरात जागेपणी मिळणारे तास फार तर पंचवीस. त्यातले चार पोलीस चौकीत किंवा चुकीच्या प्लॅटफॉर्मवर गेले तर उरतं काय? शहर पाहताना सहसा फार बिघडत नाही. बिघडतं ते कागदपत्रांत, तिकिटात आणि परतीच्या गाडीत, म्हणून इथे त्याबद्दलच जास्त आहे.

‘शेंगेन आहे, कोण विचारतो’

विचारतात. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणारे युरोपीय देश, पण १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. जाताना सहसा कोणी फिरकत नाही, पण येताना रात्री अडीचला बस बाजूला घेतात, दिवे लागतात आणि पोलीस सीटजवळ येऊन कागद मागतात. तेव्हा दोन गोष्टी हातात हव्यात: मूळ पासपोर्ट आणि मूळ रेसिडन्स परमिटचं कार्ड. नुसतं कार्ड पुरत नाही, नुसता पासपोर्टही पुरत नाही, आणि मोबाइलमधला फोटो तर धरतच नाहीत. दोन्ही वस्तू अंगावरच्या पाऊचमध्ये ठेवा. बसच्या पोटातल्या बॅगेत ठेवल्या तर रात्री ड्रायव्हरला खाली उतरवून डिकी उघडायला लावावी लागते, आणि तोवर अख्खी बस तुमच्याकडे बघत बसते.

जर्मनीच्या परमिटवर बाकीच्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, त्यामुळे वीकेंडला दिवसांची अडचण येत नाही. अडचण येते ती कार्डाची मुदत संपून नूतनीकरण चालू असताना. त्या काळात परदेशी नागरिक कार्यालय जो तात्पुरता कागद देतं, त्याला फिक्शन्सबेशायनिगुंग म्हणतात. त्यावर जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम ८१ चं कोणतं उपकलम टिक केलं आहे ते नीट पाहा. उपकलम ३ असेल तर देशाबाहेर पडल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. उपकलम ४ असेल तर जर्मनीत परत येता येतं, पण दुसऱ्या देशातल्या अधिकाऱ्याला तो कागद समजावत बसावं लागू शकतं. सरळ सांगायचं तर नवं कार्ड हातात येईपर्यंत ड्रेस्डेन, हॅम्बुर्ग, म्युनिक करा. प्राग कुठे पळून जात नाही.

लंडन आणि डब्लिन शेंगेनमध्ये नाहीत. जर्मन कार्डावर तिथे प्रवेश मिळत नाही, स्वतंत्र व्हिसा लागतो. स्वस्त विमान तिकीट दिसलं की ग्रुपमधला एखादा उत्साही भिडू आधी बुकिंग करतो आणि मग विचारतो. त्याच्या हातून बँकेचं कार्ड काढून घ्या.

नावाचा घोळ आपल्याकडच्यांना जास्त छळतो. बहुतेकांच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. विमानाचं तिकीट काढताना तो रकाना जसाच्या तसा उतरवा. त्यात एका ग्रुपमध्ये तीन पाटील आणि दोन महाजन असतील, तर बुकिंग करणारा एकाचं नाव दुसऱ्याच्या जन्मतारखेला जोडून मोकळा होतो. पासपोर्टचं पहिलं पान समोर ठेवून प्रत्येकाने आपलं नाव स्वतः टाइप करावं. पाच मिनिटं जातात, पण नंतर नाव बदलायचे पैसे वाचतात.

विमानाने जाणार असाल तर आणखी एक. काही स्वस्त कंपन्यांत युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना सिक्युरिटीला जाण्याआधी काउंटरवर कागद तपासून घ्यावे लागतात, मोबाइलवर बोर्डिंग पास असला तरी. तसं न करता गेटवर गेलात तर परत पाठवतात. शिवाय विमानतळाच्या नावातलं शहर बघून फसू नका. ‘पॅरिस बोव्हे’ पॅरिसपासून ऐंशी-एक किलोमीटर आहे, ‘फ्रँकफुर्ट हान’ फ्रँकफुर्टपासून सव्वाशेच्या आसपास. तिथून शहरात यायच्या बसचं तिकीट जोडल्यावर तो ‘पंधरा युरोचा’ प्रवास ट्रेनइतकाच महाग पडतो.

तिकीट आहे, पण या गाडीचं नाही

डॉइशलांडटिकेट (देशभर चालणारा महिन्याचा पास) किंवा विद्यापीठाचं सेमिस्टर तिकीट फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं: आरई, आरबी, एस-बान, आणि शहरातल्या ट्राम, मेट्रो, बस. आयसीई, आयसी, ईसी या वेगवान गाड्यांना आणि लांब पल्ल्याच्या खासगी बस-ट्रेनना चालत नाही. गडबड होते कारण जर्मन रेल्वेचं अॅप सगळ्यात वेगवान गाडी वर दाखवतं आणि घाईत तीच पकडली जाते. अॅपमध्ये फक्त डॉइशलांडटिकेटच्या गाड्या दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करूनच शोधा. सीमेपलीकडेही हे तिकीट सहसा चालत नाही. साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं, हा अपवाद. ड्रेस्डेनहून प्रागकडे निघालात तर सीमेनंतरचं तिकीट वेगळं काढायचं, आणि ते गाडीत बसायच्या आधी.

ज्यांच्याकडे हे तिकीट नाही त्यांनी बायर्न-टिकेटसारखी राज्याची ग्रुप तिकिटं पाहावीत. एका तिकिटावर जास्तीत जास्त पाच जण, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. एरवी मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी ते चालत नाही. तिकिटावर सगळ्यांची नावं लागतात. सहावा मित्र ऐनवेळी आला तर त्याचं तिकीट वेगळं, ‘अॅडजस्ट’ होत नाही.

आता एक चूक जी नवख्यांकडून हमखास होते. जर्मनीत काही प्रादेशिक गाड्या वाटेत दुभंगतात. पुढचे डबे एका गावाला जातात, मागचे दुसऱ्या. म्युनिकहून टेगर्नझे तलावाकडे जाणारी गाडी होल्झकिर्खेन आणि शाफ्टलाख इथे तुटते. चुकीच्या अर्ध्यात बसलात तर तुम्ही बायरिशझेलला पोचता आणि अर्धा ग्रुप तलावावर फोटो काढत असतो. प्लॅटफॉर्मवरच्या बोर्डावर गंतव्याच्या नावापुढे ए, बी, सी, डी अशी अक्षरं असतात, तीच अक्षरं डोक्यावरच्या पाट्यांवरही असतात. आपल्या अक्षराखाली उभं राहायचं, चढल्यावर डब्यातल्या पडद्यावर गावाचं नाव पुन्हा बघायचं. आणि ग्रुप एकाच दारातून चढवा. भुसावळसारखा दहा-पंधरा मिनिटांचा थांबा इथे नसतो, दोन मिनिटांत दार बंद होतं.

एसटीत आधी चढायचं आणि कंडक्टर आला की तिकीट फाडायचं, ही सवय आपल्या अंगात मुरलेली आहे. इथे ती महागात पडते. तिकीट नुसतं घेऊन भागत नाही, बऱ्याच शहरांत त्यावर शिक्का मारावा लागतो. प्रागमध्ये कागदी तिकीट मेट्रोच्या दाराशी किंवा ट्राममध्ये पिवळ्या मशीनमध्ये घालून एकदाच शिक्का मारायचा. मारला नाही तर ते तिकीट नसल्यासारखंच, आणि दोनदा मारला तरी बाद. तिकीट तपासणारे साध्या कपड्यांत असतात आणि ‘आम्ही विद्यार्थी आहोत, माहीत नव्हतं’ हे दिवसातून पन्नासदा ऐकतात. जर्मनीत विनातिकीट दंड ६० युरो आहे. पाच जण सापडले तर ३०० युरो, म्हणजे ट्रिपचं निम्मं बजेट.

अॅम्स्टरडॅममध्ये ट्राम-मेट्रोला बँकेचं कार्ड टेकवून चढता येतं. दोन नियम लक्षात ठेवा. एका कार्डावर एकच माणूस, आणि उतरताना पुन्हा टेकवायचं. चढताना फोन टेकवला आणि उतरताना प्लास्टिकचं कार्ड, तर बँक खातं एकच असलं तरी मशीनला ते दोन वेगळे अर्धवट प्रवास दिसतात आणि दोन्हींचे पैसे कापले जातात.

म्युझियमच्या दारात जाऊन परत

अॅम्स्टरडॅममधल्या अॅन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची तिकिटं खुली होतात. तिथल्याच वॅन गॉग म्युझियमलाही वेळ ठरवून ऑनलाइनच तिकीट काढावं लागतं. म्हणजे ही दोन बघायची असतील तर आधी त्यांची तारीख मिळवायची, मग बस आणि हॉस्टेल. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

पॅरिसला जाणाऱ्यांनी हे वाचाच: तुम्ही २६ वर्षांखालचे असाल आणि युरोपीय संघातल्या देशात राहत असाल, तर लूव्र आणि ओर्से म्युझियम फुकट आहे. भारतीय पासपोर्ट असला तरी चालतं, पण रेसिडन्स कार्ड दाखवावं लागतं. लूव्रसाठी फुकटच्या तिकिटालाही वेळेचं बुकिंग करून ठेवा. लूव्र मंगळवारी बंद असतं, ओर्से सोमवारी. लाँग वीकेंड धरून जाणाऱ्यांना हा फटका बसतो.

पैसे

जर्मन बँकेचं साधं गिरोकार्ड देशाबाहेर चालेलच असं नाही. त्यावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं चिन्ह आहे का ते पाहा. नसेल तर डेबिट कार्ड वेगळं मागून घ्या. भारतातल्या कार्डावर भरवसा ठेवला तर ओटीपी जळगावात वडिलांच्या मोबाइलवर जातो, आणि तिकडे त्या वेळी रात्रीचे दोन वाजलेले असतात.

एटीएम किंवा दुकानातलं मशीन ‘युरोत पैसे घेऊ का?’ असं विचारेल. प्रागमध्ये कोरुनाच निवडा, झुरिकमध्ये फ्रँक. युरो निवडलं की दर मशीनवाला ठरवतो आणि तो कधीच तुमच्या फायद्याचा नसतो. प्रागमध्ये एक्स्चेंज काउंटरवर वाईट दराने पैसे बदलले गेले, तर घाबरू नका. चेक कायद्यानुसार १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती घेऊन त्याच काउंटरवर जायचं, आवाज न चढवता रद्द करायला सांगायचं.

हिशेब रोज रात्री टाका. सोमवारी टाकू म्हटलं की कॉफी कोणी पाजली यावर महिनाभर तोंडं वाकडी.

स्वित्झर्लंडबद्दल सावध. शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे संघातलं फुकट रोमिंग तिथे लागू होत नाही. सीमेजवळ कोन्स्टान्झ किंवा बाझेलला फोन आपोआप स्विस टॉवर पकडतो, डेटा रोमिंग आधीच बंद करा. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डामागची युरोपीय बाजू (इतर युरोपीय देशांतल्या उपचारांसाठीची) आपल्यासारख्या बाहेरच्या देशांतल्या नागरिकांना स्वित्झर्लंड आणि डेन्मार्कमध्ये धरता येत नाही. तिथे जाताना चार-पाच युरोचा प्रवास विमा काढावा.

हॉस्टेल आणि डबा

हॉस्टेलची रक्कम ऑनलाइन भरली तरी शहराचा पर्यटन कर अनेकदा काउंटरवर वेगळा घेतात. अॅम्स्टरडॅममध्ये तो खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे. लॉकरला कुलूप आपलं न्यावं लागतं, टॉवेलही. रात्री बारानंतर पोचणार असाल तर रिसेप्शन उघडं असतं का ते आधी विचारा.

जर्मनीत आणि ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात. स्टेशनवरची दुकानं उघडी असतात, पण भाव चढे. शनिवारी संध्याकाळीच ब्रेड, दही, फळं, पाणी घेऊन ठेवा. घरून आलेला खाऊ इथे कामाला येतो. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन दिवस आरामात टिकतात, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. तेलात मुरवलेला ठेचा मात्र विमानाने नेऊ नका. सिक्युरिटीच्या दृष्टीने तो द्रवपदार्थ, आणि बऱ्याच विमानतळांवर १०० मिलीच्या वरची बरणी कचऱ्याच्या डब्यात जाते. बस-ट्रेनला ही अडचण नाही, फक्त बरणी डब्यात उघडू नका. वास अख्ख्या डब्याला कळतो.

परतीची गाडी

रविवारची शेवटची गाडी कधीही धरू नका. शेवटून दुसरी धरा. पहिली रद्द झाली तर मागे एक उरते. सोमवारी सकाळी लॅब असेल तर रात्रीच्या बसने पहाटे पोचायचा बेत तर नकोच.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. मार्चमध्ये रात्री दोनचे एकदम तीन वाजतात आणि एक तास गायब होतो. फोन आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ बदलत नाही. त्यानंतर भारताशी फरक साडेचार तासांवरून साडेतीनवर येतो. घरी फोनची वेळ ठरलेली असेल तर आधी कळवा, नाहीतर आई तासभर काळजीत.

गाडीला उशीर झाला तर काय? लांब पल्ल्याच्या गाडीचं तिकीट असेल आणि मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, तर ठरावीक गाडीचं बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. डॉइशलांडटिकेटला ही सवलत नाही, उशीर झाला म्हणून आयसीईत चढू नका. ट्रेन आणि विमान वेगवेगळं बुक केलं असेल आणि ट्रेनमुळे विमान हुकलं, तर विमानाचे पैसे कोणी देत नाही. मध्ये किमान तीन तास ठेवा.

पासपोर्ट किंवा कार्ड हरवलं तर आधी त्याच शहरात पोलिसांत तक्रार नोंदवून लेखी प्रत घ्या, मग त्या देशातल्या भारतीय दूतावासाला फोन. दोन्हींच्या स्कॅन प्रती ईमेलमध्ये आणि एका मित्राकडे ठेवलेल्या असल्या तर काम लवकर होतं. जिवाचं संकट असेल तर संपूर्ण युरोपीय संघात नंबर एकच, ११२.

आता गाडीच्या उशिराची भरपाई. मुक्कामी ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटं झाला तर ५० टक्के परत मिळतात. अर्ज तीन महिन्यांच्या आत अॅपवरून करायचा. डॉइशलांडटिकेटवर अशा प्रत्येक उशिराचे फक्त दीड युरो मिळतात, आणि चार युरोच्या खालची रक्कम देतच नाहीत. म्हणून तीन उशीर जमेपर्यंत थांबा आणि मग एकत्र अर्ज टाका. जर्मन रेल्वेचा कारभार पाहता फार थांबावं लागत नाही.