बास्केटबॉलमध्ये पिक लावायला उभ्या राहणाऱ्यांसाठी

कॉलेजच्या टीममध्ये नवीन आलेल्या उंच मुलीला पहिल्या आठवड्यात एकच काम मिळतं, "जा, पिक लाव." पिक म्हणजेच स्क्रीन : बॉल घेऊन खेळणाऱ्या आपल्या गार्डला मोकळी वाट मिळावी म्हणून तिच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहणं. कुठे उभं राहायचं, कोणाकडे बघायचं, हे कोणी सांगत नाही. उभं राहण्यात काय शिकवायचंय, असा सगळ्यांचा समज. मी मुंबईत आधी कॉलेजकडून आणि मग क्लबकडून पाच फूट सात इंचांची 'सेंटर', म्हणजे बास्केटजवळची, सहसा टीममधली सगळ्यात उंच खेळाडू, म्हणून खेळले. शॉट बेताचा, उडी त्याहून बेताची. टीममध्ये टिकले ती स्क्रीनच्या जोरावर, आणि तेही उशिरा कळलेल्या एका गोष्टीमुळे. पिक लावून मग बास्केटकडे सुटणं म्हणजे पिक अँड रोल, एवढं धरून पुढे लिहिते.

ती गोष्ट अशी : स्क्रीनमधली सगळी चलाखी अंगाला अंग लागायच्या आधी करायची असते. धडक बसताना काही करायचं नाही. काहीच नाही.

आपण नेमकं उलटं शिकतो, कारण आपण रील बघून शिकतो. रीलमध्ये दिसतं काय, तर एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा मोठा खेळाडू शेवटच्या क्षणी कंबर बाहेर काढतो, डिफेंडर आपटतो, गार्ड मोकळा. तो खेळाडू त्याआधी कुठून धावत आला आणि कोणत्या कोनात थांबला, ते कापलेलं असतं. केविन गार्नेट किंवा ड्रेमंड ग्रीन यांच्या हलत्या स्क्रीनवर तिकडेही भरपूर चेष्टा झाली, तरी बऱ्याचदा त्यांना शिट्टी बसली नाही. तुम्हाला बसेल. आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांनी होतात आणि इथल्या रेफ्रींना मुव्हिंग, म्हणजे हलता स्क्रीन पकडायला मनापासून आवडतं. नव्या मुलीचा तर आणखीच.

आता नियम. 'न हलता उभं राहायचं' एवढंच सगळ्यांना पाठ असतं आणि तिथेच घात होतो. फिबाच्या ३३व्या कलमात स्क्रीनचा भाग आहे, तो बसून वाचा. धडकेच्या क्षणी तुम्ही स्थिर हव्यात, दोन्ही पाय जमिनीवर हवेत, आणि शरीर आपल्या सिलिंडरमध्ये हवं. सिलिंडर म्हणजे तुमच्याभोवतीची काल्पनिक उभी नळी : पुढे तळहातांपर्यंत, मागे नितंबांपर्यंत, बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. पण खरी मेख अंतरात आहे. उभी असलेली डिफेंडर तुम्हाला समोरून किंवा बाजूने बघू शकत असेल, तर तिला न शिवता हवं तितकं जवळ उभं राहता येतं. तुम्ही तिच्या नजरेच्या बाहेर, म्हणजे मागून येत असाल, तर तिला तुमच्या दिशेने एक साधं पाऊल टाकता येईल इतकी जागा सोडावी लागते. आणि ती धावत असेल, तर तिला थांबता किंवा वळता येईल इतकं अंतर हवं, एका पावलाहून कमी नाही आणि दोनाहून जास्त नाही.

म्हणजे पुतळ्यासारख्या उभ्या असूनही तुमच्यावर फाउल लागू शकतो. धावत्या मुलीच्या पुढ्यात अर्ध्या पावलावर येऊन थांबलात, तर "सर, मी हललेच नाही" म्हणून काही उपयोग नाही. मी असं म्हणून बघितलंय.

यात आणखी एक दुखणं आहे आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. निम्म्याहून जास्त मुव्हिंग स्क्रीन गार्डच्या घाईमुळे होतात, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही अजून पोचताय, पाय टेकायचेत, आणि गार्ड निघाली. तिची डिफेंडर तुमच्या बाजूने सटकताना दिसते आणि शरीर आपोआप तिकडे झुकतं. गुडघा थोडा बाहेर, खांदा थोडा पुढे, वजन एका पायावर. तुम्हाला वाटतं आपण टीमसाठी जीव टाकतोय, आणि रेफ्रीला दिसतो निव्वळ ब्लॉक, म्हणजे नियमबाह्य अडवणूक. फाउल तुमच्या नावावर, बॉल समोरच्यांचा, आणि गार्ड तुमच्याकडे बघून हात पसरते. असे दोन फाउल पहिल्याच क्वार्टरमध्ये झाले की सर तुम्हाला बसवतात, आणि पाच झाले की खेळ संपला.

तेव्हा सटकतेय ना, सटकू द्या. खरंच. चुकलेल्या स्क्रीनची काही किंमत मोजावी लागत नाही. बॉल अजून आपल्याकडेच असतो, दोन पावलं मागे जाऊन वळा आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा लावा. बहुतेक टीमचा डिफेन्स पहिल्या स्क्रीनची तयारी करून असतो, दुसऱ्याला त्यांचं बोलणं तुटतं. आणि गार्डला स्पष्ट सांगून ठेवा की माझे पाय टेकल्याशिवाय निघायचं नाही. ती सीनियर असली तरी सांगा. आमच्याकडे खूण ठरली होती, दोन्ही मुठी छातीशी आल्या की मी तयार. मुठी छातीशी ठेवल्याने हातही आवरलेले राहतात, तो वेगळा फायदा. कबड्डी खेळून आलेल्या मुलींना खाली बसणं छान जमतं, पण समोरून कोणी निसटलं की त्यांचे हात आपसूक सुटतात. त्यांनी मुठी अगदी घट्ट ठेवाव्यात.

मग चलाखी कुठे करायची? पोचण्यात, कोनात आणि बघण्यात.

पोचणं म्हणजे धावणं. चालत जाऊन पिक लावणारी मुलगी आपली डिफेंडर सोबत घेऊन जाते, आणि तिथे चौघींची गर्दी होते. तुम्ही झपकन धावलात तर तुमची डिफेंडर दोन पावलं मागे राहते, आणि त्या दोन पावलांतच तुमच्या गार्डला जागा मिळते. थांबताना दोन्ही पायांवर एकदम थांबा, पाय खांद्यांहून थोडे रुंद, गुडघे वाकलेले. पाय फार फाकवले तर तेही सिलिंडरबाहेर. सिमेंटच्या कोर्टवर पावसाळ्यात हा थांबा घसरतो आणि तुमचं न हलणं तिथेच संपतं, म्हणून ओल्या कोर्टवर एक पाऊल आधीच वेग कमी करा.

कोनाबद्दल सोपी खूण : तुमची पाठ जिकडे, तिकडे गार्डला जायला मिळणार. पाठ साइडलाइनकडे असेल तर गार्ड कडेला जाईल आणि तिथे अडकेल. पाठ बास्केटकडे वळवलीत तर ती सरळ आत घुसेल. समोरची मोठी मुलगी खाली, बास्केटजवळ थांबत असेल, तर हा दुसरा, चपटा स्क्रीन फार त्रास देतो, कारण तुमची गार्ड पूर्ण वेगात तिच्या अंगावर जाते. पण वरचा नियम आठवा. चपटा स्क्रीन डिफेंडरच्या पाठीमागून लागतो, म्हणजे नजरेबाहेर, म्हणजे एक पाऊल सोडायचं. बाजूच्या स्क्रीनची सवय असलेली मुलगी चपटा लावायला गेली की चिकटून उभी राहते आणि शिट्टी. कोन बदलला की अंतरही बदलतं, हे मला कुठल्याच शिबिरात कोणी सांगितलं नाही.

गार्डची डिफेंडर स्क्रीनच्या मागून, खालून जात असेल, तर पुढच्या वेळी स्क्रीन एक पाऊल खाली लावा. ती आधीच उडी मारून स्क्रीनच्या बाजूला आली आणि गार्डला साइडलाइनकडे ढकलत असेल, तर तुम्ही पाय टेकण्याआधी बाजू बदला. आधी. टेकल्यावर बदललं तर ती चाल राहत नाही, फाउल होतो.

आणि बघणं. नवीन मुली गार्डकडे बघत स्क्रीनला जातात. गार्ड कुठे जाणार नाही. बघायचं तिच्या डिफेंडरच्या पायांकडे आणि कानाने ऐकायचं आपल्या डिफेंडरला, कारण "स्विच" (म्हणजे आपापल्या खेळाडू बदलून घेऊ) किंवा "बाहेर ये" असं काहीतरी ती ओरडणारच. तुमची डिफेंडर गार्डला अडवायला बास्केटपासून लांब बाहेर झेपावणार असं वाटलं, तर स्क्रीन लावूच नका. लावल्यासारखं करा आणि पाय टेकायच्या आत बास्केटकडे सुटा. याला स्लिप म्हणतात, आणि अंगाला अंगच लागत नाही म्हणून फाउलचा प्रश्न येत नाही. माझ्यासारख्या कमी उडीच्या मुलींचे निम्मे पॉइंट यातूनच येतात.

धडकेनंतर घाईघाईत गर्रकन फिरू नका. बास्केटच्या बाजूचा पाय खिळवा, दुसरा मागे नेत बॉलकडे तोंड करून उघडा. मग डिफेंडर तुमच्या पाठीवर राहते आणि बॉल नजरेतून जात नाही. पण गार्ड पुरती निघून गेल्यावरच हा पाय हलवा. लवकर हलवलात तर पाठलाग करणारी डिफेंडर त्याच पायात अडकेल.

कुणाचं बघून शिकायचं? एनबीएच्या युटा जॅझ टीममधल्या जॉन स्टॉकटन आणि कार्ल मलोनचे १९९७ आणि १९९८च्या फायनलचे पूर्ण सामने बघा, क्लिप नाहीत. दोघं अठरा सीझन एकत्र खेळले, आणि त्यातला जेमतेम सव्वासहा फुटांचाही नसलेला स्टॉकटन धिप्पाड सेंटरना स्क्रीन लावायचा. उंची लागते हा समज तिथेच जातो. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि किंग्ज या एनबीए टीमचे दोन सामने झाले. तेव्हा पेसर्सकडे डोमांटास सबोनिस होता. त्याचे कुठलेही सामने काढा आणि बॉल सोडून फक्त त्याच्या पायांवर नजर ठेवा. थोडा कंटाळा येईल, पण बघा.

इथलं बघायचं तर नागपाड्याला जा, नाहीतर माटुंग्याच्या इंडियन जिमखान्यात स्पर्धा असतील तेव्हा जा. नागपाड्याच्या बुटक्या गार्डांनी आयुष्यभर स्क्रीनमधून वाट काढलीय. माझं मत विचाराल तर स्क्रीन शिकायचा तो उंच सीनियरकडून नाही, अशा गार्डकडून शिकायचा. मला एका बुटक्या सीनियर दीदीने एका वाक्यात सांगितलं, "अगं, तू येतेस ते मला तुझ्या श्वासावरून कळतं, जरा कोर्टाच्या मधल्या बाजूने ये ना." तिच्या नजरेआडून कुठून येता येतं हे तिलाच माहीत होतं. 'टेक्निक' शिकवायचे पैसे घेणाऱ्या वीकेंड क्लासमध्ये मला यातलं काही मिळालं नाही. तिथे सगळा वेळ शॉट आणि क्रॉसओव्हर (बॉल झटकन एका हातातून दुसऱ्या हातात नेणं), कारण पालकांना तेच दिसतं.

एखाद्या लोकल स्पर्धेत टेबलवर बसून स्कोअरशीट लिहा. चहा मिळतो, आणि कुठला रेफ्री काय पकडतो ते कळतं. काही जण हात बघतात, काही पाय. सामन्याच्या पहिल्या दोन मिनिटांत हे ओळखलंत तर उरलेला सामना निवांत जातो.

पहिल्या महिन्यात तुमचं नाव स्कोअरशीटवर फक्त फाउलच्या रकान्यात दिसेल. वाईट वाटून घेऊ नका, स्क्रीनची नोंद तिथे होतच नाही. सरांना दिसतं का? काहींना दिसतं, काहींना नाही. गार्डला मात्र नक्की दिसतं, आणि ट्रायलनंतर टीम निवडताना सर गार्डलाच विचारतात. म्हणून ट्रायलच्या दिवशी वॉर्मअपमध्येच तिला गाठा. कुठल्या हाताने जायला आवडतं ते विचारा, पाय टेकल्याची खूण ठरवा, आणि पहिला स्क्रीन तिच्या आवडत्या बाजूला लावा.